दुसरी नळी

"डुक्कर काय पोलीस चौकीत विचारून बागेत शिरतं?" तात्या घाडीगावकरांनी ग्रामसभेत विचारलं आणि सगळे खदखदून हसले.

हंगाम संपला की गावातल्या बंदुका चौकीत जमा कराव्यात, असं पोलीस पाटीलबाईंचं म्हणणं होतं. तात्यांना तो अपमानच वाटत होता. पीक राखायचा परवाना त्यांच्याकडे वडिलांपासूनचा.

"माझी बंदूक घरात कधी भरलेली नसते. हवं तर बघा!" तपासणीसाठी आणलेली दुनळी त्यांनी तोऱ्यात बाईंच्या हाती दिली.

बाईंनी ती उघडली. एका नळीतलं काडतूस काढून त्यांनी टेबलावर उभं ठेवलं. त्याला कुंकू लागलेलं होतं.

तात्यांच्या लगेच ध्यानात आलं. दसऱ्याला पूजा करून त्यांनी दोन्ही नळ्या भरल्या होत्या. रिवाजाप्रमाणे अंगणात एक बार काढला, तेवढ्यात पाहुणे आले, म्हणून बंदूक तशीच खुंटीला लावून ते सोनं वाटायला धावले. त्याला आता दोन महिने होत आले होते.

कोणी हसलं असतं तरी बरं वाटलं असतं. तात्यांनी कशीबशी मान वर केली. समोर बायकांत त्यांची पत्नी बसली होती. दर शुक्रवारी ती बंदूक उतरवायची, मांडीवर घ्यायची आणि पुसण्याआधी विचारायची, "भरलेली नाही ना हो?" दर शुक्रवारी तात्या तिला हसायचे.

आत्ता ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. स्वतःच्या मांडीकडे बघत होती.