वायरलेसवरची बाई

वायरलेसवर बाई बोलली तेव्हा ॲन्सेल्म आणि त्याचा खलाशी हार्दिक अर्धं जाळं ओढून बसले होते.

"बोटीत पाणी भरत आहे. कृपया मदतीला या," बाई म्हणाली. आवाज स्वच्छ, शांत, शाळेत धडा वाचावा तसा. त्यात घाई नव्हती की धाप नव्हती.

हार्दिकचे हात थांबले. ॲन्सेल्म मात्र हसला. पाचूबंदरच्या बोटींवर बायका नसतात, आणि असत्या तरी अशा बोलल्या नसत्या. कुणाचा तरी मोबाइल माइकजवळ राहिला असेल आणि त्यावर सरकारी सूचना लागली असेल, असं त्याने ठरवून टाकलं. मोसम सुरू झाला की असल्या सूचनांना ऊत येतो. लाइफ जॅकेट घाला, वादळात जाऊ नका, पाणी भरलं तर अमुक करा. जन्मात होडीत पाय न ठेवलेल्यांनी लिहिलेलं, ऐकतं कोण! दुसऱ्या बोटीवरून सेबेस्टियनने तर सेटवर विचारूनही घेतलं, कोणी बायकोला मासे मारायला आणलंय का. सगळ्या बोटी हसल्या.

शिवाय वायरलेसवर बोलायची इथली एक रीत आहे. नाव कुणी सांगत नाही. लहानपणापासून एकमेकांचे आवाज कानात बसलेले, नुसतं खोकलं तरी कुणाची बोट ते कळतं. ॲन्सेल्मला त्याचा अभिमानही होता.

बाई पुन्हा बोलली. तेच वाक्य, तोच सूर.

"नाखवा, एकच सूचना किती वेला लावतील?" हार्दिकने विचारलं.

ॲन्सेल्म म्हणाला, कर्ज घ्या म्हणून फोन करणाऱ्या बाया दिवसभर बोलतात, त्यांना कधी दम लागलेला ऐकलास का? हार्दिक सेटकडे बघत राहिला.

तेवढ्यात वारा फिरला. किल्ल्याच्या बाजूचं पाणी काळं पडायला लागलं. ॲन्सेल्मने माइक उचलला आणि आपल्या जुन्या दोस्ताला हाक दिली. "बॅप्टिस्ट, जालं आवर. वारा बरा नाय."

बॅप्टिस्ट स्वतः उत्तर देणार नव्हताच. कॅन्सरमध्ये त्याचं स्वरयंत्र काढलं होतं. ज्याची हाक या बोटीवरून त्या बोटीवर वायरलेसशिवाय पोचायची, त्याच्या गळ्यातून आता फक्त हवा येत होती. त्याच्या वतीने भाचा केल्विन बोलायचा. आज केल्विनही बोलला नाही. उत्तर आलं ते बाईचं.

"बोटीत पाणी भरत आहे. कृपया मदतीला या."

"बघ, मधेच तोंड घालते," ॲन्सेल्म वैतागला. केल्विन झोपला असेल म्हणाला, आणि सेटचा आवाज पार कमी करून परत जाळ्याला हात घातला.

ॲन्सेल्म वाईट माणूस नव्हता. बॅप्टिस्टच्या ऑपरेशनच्या दिवशी तो हॉस्पिटलच्या जिन्यात बसून हुंदके देऊन रडला होता. समुद्रावर कुणाची हाक आली की त्याची बोट सगळ्यांच्या आधी वळायची. पण ती हाक त्याच्या ओळखीची असायची.

बॅप्टिस्टच्या मुलीने, इनेझने, आपल्याकडून काही कमी केलं नव्हतं. रविवारी मिस्सा संपल्यावर तिने चर्चच्या हॉलमध्ये लोकांना थांबवलं होतं. बोलता न येणाऱ्यांसाठी मोबाइल कसा बोलतो ते ती दाखवणार होती. बायका थांबल्या, पुरुष चहाला गेले. मग आज सकाळी, बोटी सुटायच्या वेळी, ती मोबाइल हातात घेऊन धक्क्यावर प्रत्येक बोटीपाशी गेली. ॲन्सेल्मकडेही आली. इंजिन चालू होतं. त्याला तिचे ओठ हलताना दिसले, उंच धरलेला मोबाइल दिसला. पोरीचं मन मोडू नये म्हणून त्याने बरं बरं करत मान हलवली आणि बोट काढली.

आता जाळं आवरून ते परत निघाले. वाटेत लाटा बोटीला चांगल्याच आपटत होत्या. धक्क्याला लागले तेव्हा बाकीच्या बोटी आल्या होत्या. बॅप्टिस्टची जागा तेवढी रिकामी होती, आणि तिथे कानाला मफलर गुंडाळून केल्विन उभा होता.

ॲन्सेल्मने बोटीवरूनच ओरडून विचारलं, "तू हितं कसा?"

केल्विनला ताप होता. इनेझ दोर पकडायला पुढे आली आणि तिने हसत सांगितलं की पप्पा आज एकटेच गेलेत. ती नको म्हणत होती, पण त्यांनी मोबाइलवर बोटं चालवली आणि मोबाइलनेच तिला ऐकवलं, आता मला बोलता येतं. तिने त्यांना सगळी वाक्यं भरून दिली होती, बॅटरी पूर्ण भरून दिली होती, आणि माइकसमोर मोबाइल कसा धरायचा तेही शिकवलं होतं.

"अंकल, पप्पांचा आवाज कसा वाटला?" तिने विचारलं. "मराठीत बाईचाच होता. दुसरा मिलाला नाय."

हार्दिकने दोर धक्क्यावर टाकलाच नाही. तो न सांगता इंजिनकडे वळला.

ॲन्सेल्म सेटपाशी गुडघ्यांवर बसला. आवाज वाढवायला बटण पकडलं, पण ते त्याच्या ओल्या बोटांतून निसटत होतं. शेवटी त्याने सेटला कान लावला.

बाई अजून बोलत होती. मघाचं लांब वाक्य आता नव्हतं. त्याच शांत, स्वच्छ आवाजात ती एवढंच म्हणत होती, "या. या."