हवा तसा दिवस

"धबधबा ठेवू का काढू?" मधुवंतीनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

प्रतीक बूट काढत होता, रोज ऑफिसातून आल्यावर काढायचा तसेच. "पायऱ्या आहेत?"

"पुष्कळ."

"मग काढ."

धबधबा गेला.

बालीतली एका दिवसाची टूर होती. गाडी आपली, ड्रायव्हर आपला, दिवस आपला. नको ते काढायचं, हवं ते घालायचं. सिंगापुरात क्वीन्सटाउनच्या त्या फ्लॅटमध्ये सध्या दुसरा विषय नव्हता. प्रतीकला ते बरंच वाटत होतं, कारण हा विषय चालू असेपर्यंत दुसरा निघणार नव्हता.

दुसरा विषय म्हणजे रॅफल्स प्लेसमधली त्याची नोकरी गेली होती. नोकरीबरोबर तिथे राहायचा पासही रद्द झाला होता. मधुवंती बायको म्हणून त्याच्याच पासवर होती, म्हणजे तिचाही गेला होता. राहायला महिनाभराची मुदत मिळाली होती आणि ती सरत आली होती. मंगळवारी एक इंटरव्ह्यू होता, समोरासमोरचा, शेवटचा. तो जमला की नवा पास, आणि मधूला काही कळायचं कारणच नाही. तोवर तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून एमआरटीची मेट्रो पकडायचा आणि बुकित बातोकच्या लायब्ररीत दिवस ढकलायचा.

भातशेती. ठेवली.

"तिथे झोपाळा आहे, दरीवर. बसशील?"

"तू बस. मी फोटो काढतो."

झोपाळा. एकीसाठी.

जेवण खालच्या हॉकर सेंटरमधल्या गाड्यांवरून आलं होतं. हल्ली रोजच यायचं. दिवसभर घरात बसून हिला पोळ्या लाटायचा कसला कंटाळा, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण सध्या भांडण परवडण्यासारखं नव्हतं. गेल्या वर्षी तिला अलेक्झांड्राजवळच्या एका आर्किटेक्ट फर्मनं बोलावलं होतं, तेव्हा झालं तेवढं पुरे होतं. "माझ्या पासवर मजेत आहेस ना? मग घरात दोन पास कशाला?" असं तो म्हणाला होता. पुण्यात स्वतःचं ऑफिस चालवलेल्या बाईनं फर्मचं पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं होतं.

"पुढच्या महिन्यात जाऊ या का?" मधुवंतीनं विचारलं. "तुला काही अडचण असेल तर आत्ताच सांग. अजून रद्द करता येतं."

"अडचण कसली?"

"मी आपलं विचारलं."

"नाही नाही, याच शनिवारी."

शनिवारचा आग्रह त्याचाच होता. त्याच्या आधी त्याच ऑफिसातून नोकरी गेलेल्या अश्विननं फोनवर मंत्र दिला होता. "अरे, एकदा देशाबाहेर पडून परत ये. आत शिरताना नव्यानं दिवस मिळतात. मी दोनदा केलंय." मधूला सहलीचं कौतुक, त्याला वाढीव मुदत. एका दगडात दोन पक्षी.

बॅगा भरताना तिनं त्याच्यासाठी मोठी बॅग काढली.

"दोन दिवसांना एवढी?"

"असू दे. तुला घाम फार येतो."

चांगी विमानतळावर काही अडलं नाही. बालीत उतरल्यावर व्हिसा काउंटरवरच मिळाला. प्रतीकनं मनातल्या मनात अश्विनला एक बिअर कबूल केली.

वायान नावाचा ड्रायव्हर रविवारी सकाळी हॉटेलच्या दारात उभा होता. भातशेती झाली. मधुवंती झोपाळ्यावर बसली, एवढी हसली की प्रतीकला फोटो दोनदा काढावा लागला. किती वर्षांनी हसत होती. मंगळवारचं जमलं की हिला सगळं सांगून टाकू, असंही त्याला वाटून गेलं. नोकरी हातात आल्यावर ती गेल्याची गोष्ट गंमत म्हणून सांगता येते.

झऱ्याचं देऊळ.

सारोंग नेसून दोघं कुंडात उतरले. दगडी मुखांतून गार पाणी पडत होतं. एकेका धारेखाली डोकं द्यायचं आणि पुढे सरकायचं. मधुवंती पुढे होती. एके ठिकाणी ती बाजूनं निघून गेली. प्रतीकनं मात्र डोकं घातलं.

काठावरून वायान हात हलवत ओरडत होता.

"काय म्हणतोय?"

"ती धार मेलेल्यांसाठी असते म्हणे."

"मग सांगायचं नाही का?"

"सगळं एकमेकांना सांगतो थोडंच आपण." ती पुढच्या धारेखाली गेली. "चल, लोक खोळंबलेत."

तो हसला. चेष्टा तिला पहिल्यापासून जमायची.

समुद्रावर सूर्यास्त ठेवला होता, पण तिनं तो ऐनवेळी काढला. "विमानतळावर वेळेत पोचू. तुला उगाच धावपळ नको."

काउंटरवरच्या मुलीनं दोघांचे पासपोर्ट घेतले. मधुवंतीचा लगेच परत आला, आत बोर्डिंग पास खोचलेला. प्रतीकचा ती उलटसुलट करत राहिली.

"सर, सिंगापूरचा व्हिसा?"

"मी राहतो तिथे. कित्येक वर्षं."

"तुमचा पास रद्द झालाय, सर. भारतीय पासपोर्टला मग व्हिसा लागतो."

अश्विनचा पासपोर्ट ब्रिटिश होता, हे प्रतीकला तिथे, त्या काउंटरशी उभं राहून आठवलं. पास असताना एवढी वर्षं व्हिसा हा शब्द कधी तोंडात आला नव्हता. मंगळवार डोळ्यांपुढून सरकन गेला. त्यानं मधुवंतीकडे पाहायचं टाळलं आणि आवाज खाली आणला.

"मग यांना कसं सोडताय? या माझ्याच पासवर आहेत."

मुलीनं पडद्याकडे पाहिलं. "नाही, सर. मॅडमचा स्वतःचा वर्क पास आहे."

मधुवंतीनं पर्स खांद्याला लावली.

"मुंबईचं काउंटर त्या टोकाला आहे," ती म्हणाली. "तिकीट तुला मेल केलंय. निघते मी. उद्या ऑफिस आहे."