डिस्कवरची बोटं

"चित्र तर आरशासारखं आलंय, बाई. आणखी काय हवं?" स्टुडिओवाल्याने डिस्क पुन्हा लावली.

पडद्यावर प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून एक म्हातारे गृहस्थ भराभरा हातवारे करत होते. मागे बासरी वाजत होती. दोन तासांच्या व्हिडिओत आवाज म्हणून नव्हताच, तेव्हा बासरी स्टुडिओवाल्याने आपल्याच मनाने टाकली होती, तीही फुकट.

"चेहरा सोडा, हात बघा," ती म्हणाली. "माझे आईवडील दोघंही मूकबधिर आहेत. हे बाबा बोलतायत."

त्याने मान पुढे काढली. हात जरा जोरात हलला की पाच बोटांचा नुसता लगदा होत होता. वीस वर्षं लग्नाचे व्हिडिओ करण्यात गेलेली. नवरीचं नाक नीट आलं की गिऱ्हाईक खूश. हातांकडे कोण बघतंय? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने गुपचूप बासरी बंद केली.

उद्या सकाळी आईचं ऑपरेशन होतं आणि आई नको म्हणून अडून बसली होती. डॉक्टरांना आज सहाच्या आत काय ते सांगायचं. आई ऐकेल तर बाबांचंच ऐकेल, आणि बाबांचा हा असा पाय. मोबाइलवर तिच्या अधू नजरेला बोटं दिसत नाहीत. वॉर्डात मोठा टीव्ही आहे, पण त्याचं यंत्र जुनं, फक्त डिस्क घेणारं.

"सकाळी लावली, तर पाच मिनिटं बघून 'हे काय बरळतायत' म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. साडेतीनची बस आहे माझी."

"दोन तास एका डिस्कमध्ये कोंबले, तिथेच माती खाल्ली मी," तो म्हणाला. "आता दोन डिस्क करतो, एकीवर एकच तास. मोकळेपणी बसेल."

कॉम्प्युटर आपल्या चालीने निघाला. ती उठली, बसली, दारापर्यंत जाऊन आली. बघून आकडे पळत नाहीत हे ठाऊक असूनही तो पडद्यावरून नजर काढीना. मध्येच उठून त्याने उगाचच काउंटर पुसला.

तीन वाजून दहा मिनिटांनी दोन्ही डिस्क बाहेर आल्या. त्याने पहिली लावली, तशी तिने पडद्याकडे पाठ केली.

"तुम्हीच बघा. नवराबायकोचं बोलणं आहे, मी कशाला वाचू? बोटं मोजता आली की झालं."

तो मोजायला लागला. तीन. एक. मूठ. पाच. प्रत्येक बोट सुटं दिसत होतं, नखंसुद्धा. दुसरी डिस्क त्याने मधूनमधून पाहिली आणि थांबला.

"एक खूण सारखी येतेय. पहिल्या डिस्कवरही होती. तेवढी बरोबर आलीय का सांगा." त्याने तिच्यासमोर दोन्ही तळवे उघडले, उलटे केले आणि कपाळाला आठ्या घालून एक बोट तळहातावर टेकवलं.

तिने त्याला ते पुन्हा करायला लावलं.

"'कुठे ठेवलंय?'" ती म्हणाली. "दोन तास हेच?"

"दर दोन मिनिटांनी."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. 'तिची समजूत घाला' असं बाबांना दहादा बजावलं होतं. न राहवून ती वळली आणि वाचायला लागली. "गाळणी कुठे ठेवलीय. निळा स्वेटर कुठे ठेवलाय. सुईदोरा. बॅटरी." मग जरा थांबून, "मधलं कपाट सगळं बाहेर काढलंय म्हणतात. परत लावायला घेतलंय."

स्टुडिओवाल्याला वाईट वाटलं. एवढा आटापिटा करून निघालं काय, तर गाळणी. त्याने डिस्क हळूच पाकिटात सरकवल्या. "मग आता कसं करायचं?"

तिने पाकीट जवळजवळ ओढूनच घेतलं. पर्स खांद्याला होतीच.

"आता काय, हो म्हणेल ती," ती दारातून म्हणाली. "तिच्या कपाटाला हात लावलाय त्यांनी. उद्याचं ऑपरेशन ती आजच करा म्हणेल."