बाजूची सीट

पडद्यावरची लाल मोटार वळणावर तिरपी झाली, तशीच दोन चाकांवर पळाली आणि सगळी टॉकीज शिट्ट्यांनी दणाणली. रविवारी सकाळचा इंग्रजी खेळ होता. बहुतेक मंडळी गॅरेजवाली, नाहीतर ड्रायव्हर. सिनेमातलं बोलणं कोणाला कळत नव्हतं, कोणाला ते हवंही नव्हतं.

"गिअर बदल ना बे!" मागून कोणीतरी पडद्याकडे पाहून ओरडलं.

चंपतरावानं हसत शेजारी पाहिलं. देवराव खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसला होता.

पूर्वी अशा सिनेमाला ही जोडी पहिल्याच दिवशी हजर असायची. चंपतरावाचं महाल भागात गॅरेज, देवरावाची टॅक्सी. मग एका दुपारी कळमेश्वरच्या रस्त्यावर देवरावानं, सिनेमात लावतात तशीच, एका जीपशी शर्यत लावली. टॅक्सी उलटली. देवरावाला खरचटलंसुद्धा नाही. बाजूला बसलेल्या चंपतरावाचा डावा पाय मात्र कायमचा आखडला. तेव्हापासून देवरावानं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. टॅक्सी विकून तो धान्याच्या गोदामात कामाला लागला होता. आजही चंपतरावानं त्याला जवळजवळ ओढूनच आणलं होतं.

लाल मोटार पुलाचा कठडा तोडून खाली कोसळली. टाळ्या पडल्या. देवराव उठला आणि लोकांचे पाय तुडवत बाहेर निघून गेला.

थोड्या वेळानं चंपतराव काठी टेकत बाहेर आला. देवराव नळावर तोंड धूत होता.

"काहून उठला गा? खरी मजा तर बाकी हाये."

देवरावानं बाहीनं तोंड पुसलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "त्या लाल मोटारवाल्याच्या बाजूले बसला होता, तो उठला का?"

"उठला ना. तेच पाहाले थांबलो होतो मी."

आत पुन्हा शिट्ट्या वाजल्या. दोघंही तिकडे न बघता फाटकाकडे चालू लागले. तिथं चंपतरावाची फियाट उभी होती. त्यानं खिशातून किल्ली काढून पुढं केली.

"गॅरेजातल्या मुकुंदानं गाडी आणून सोडली अन् तो गेला कुहीले, सासरी. आता घरी कोण नेईन?"

"रिक्षा करू."

"अन् गाडी?"

"उद्या येईन ना मुकुंद."

"माह्यानं क्लच दबत नाही, देवराव." चंपतरावाच्या आवाजात तक्रार नव्हती. "अन् दुसऱ्या कोणाच्या बाजूले बसाची मले आदत नाही."

देवरावानं ओले हात शर्टाला पुसले, किल्ली घेतली आणि स्टिअरिंगमागं जाऊन बसला.

गाडी सुरू झाली, एक धक्का खाऊन बंद पडली, पुन्हा सुरू झाली. सीताबर्डीची गर्दी त्यांनी रांगत पार केली. देवरावाच्या कपाळावर घाम होता. मागून एक सायकल-रिक्षा घंटी वाजवत आली, त्यात दोन बाया आणि तांदळाचं पोतं. रिक्षावाल्यानं फियाटला मागं टाकलं आणि वळून, खरं वाटत नसल्यासारखं, पाहिलं.

देवरावानं विचारलं, "जाऊ देऊ का गा त्याले?"

"जाऊ दे," चंपतराव म्हणाला, आणि खिडकीबाहेर कोपर काढून ऐटीत बसला.