धक्का स्टार्ट

"काका, सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कन्व्हर्टर आतून वितळलाय," इक्बाल मिस्त्री गाडीखालून बाहेर येत म्हणाला. "गाडी धक्का मारून सुरू करता?"

"रोज सकाळी," दिगंबरराव म्हणाले.

"तरीच. न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं. आधी बॅटरी बदला."

"आणलीय. डिकीत आहे."

मिस्त्रीने डिकी उघडली. नव्या बॅटरीचं खोकं अजून सीलबंद होतं.

"मग बसवली का नाही?"

"धक्का मारायला बिल्डिंगमधले चौघे खाली येतात. ही गेल्यापासून तेवढंच काय ते बोलणं होतं."

मिस्त्रीने डिकी लावली. संध्याकाळपर्यंत नवा कन्व्हर्टर बसवला. जुन्या बॅटरीला हात लावला नाही. मग बाह्या सरसावून गाडीच्या मागे गेला.

"काका, दुपारी जेवलात का?" धक्का मारता मारता त्याने विचारलं.