झाडामागची टोपी

दुकानदार कॉडिलने रायफल काउंटरवर ठेवली तेव्हाच वर्लिनच्या मनात पाल चुकचुकली. भिंतीवर इतक्या बंदुका टांगलेल्या असताना हा पठ्ठ्या काही न विचारता थेट मागच्या खोलीत गेला आणि हीच घेऊन आला. खोकंही आधीच फोडलेलं.

“हातात तर घ्या, वर्लिनकाका. बोअर पॉइंट टू-टूच आहे, तुमच्या जुनीसारखी. पण वजन बघा! धरलीय असं वाटणारसुद्धा नाही.”

वर्लिनने ती एका हाताने उचलली. खरंच हलकी होती, आणि म्हणूनच त्याला ती आवडली नाही. दस्ता प्लॅस्टिकचा, नळी काडीसारखी. त्याच्या घरची रायफल आजोबांची, अक्रोडाच्या दस्त्याची. खांद्याला लावली की काहीतरी लावलंय असं वाटायचं.

“खेळण्यांच्या दुकानातनं आणलीस का रे?”

“हसा तुम्ही. दिवसभर डोंगर चढलात की कळेल.”

“हे डोंगर मी तुझ्या बापाच्या आधीपासून चढतोय.”

शेजारी त्याची बायको अल्मेडा गप्प उभी होती. तेही वर्लिनला खटकलं. साधा पाव घेतानासुद्धा दुकानदाराशी हुज्जत घालणारी बाई ही. आज नवीकोरी भडक नारिंगी टोपी घालून नुसती बघत होती. उद्यापासून केंटकीच्या डोंगरांत खारींचा हंगाम सुरू होणार, आणि ऐन आदल्या दिवशी हिने त्याला इथे ओढून आणावं, नवी रायफल बघायला?

वर्लिनला एकच कारण दिसत होतं, आणि ते म्हणजे जावई. ईस्टरला आला होता तेव्हा तो जुन्या रायफलीवरून हात फिरवत होता, बाजारात गाय बघावी तसा. नवी म्हाताऱ्याच्या गळ्यात मारायची आणि जुनी लाटायची. वर्लिनला मनापासून राग आला. खाणीतलं काम गेलं, गुडघे गेले, पण रायफल रोखणारा माणूस म्हणून गावात त्याला अजून मान होता. तेवढंच उरलं होतं.

त्याने दस्ता खांद्याला लावला. हात अवघडून दुमडला गेला.

“आखूड आहे ही.” त्याने दस्त्याचं टोक उलटून पाहिलं. “मुद्दाम केलीय. शेवटची चकती काढलीय इथली. कुणाच्या मापाने?”

कॉडिल एकाएकी गोळ्यांची खोकी नीट रचू लागला.

“माझ्या,” अल्मेडा म्हणाली. “परवा येऊन माप देऊन गेले.”

“तू? तू काय करणार रायफल घेऊन?”

“खार मारणार.”

वर्लिनला हसू आवरेना. लग्न झाल्यापासून त्यांची कामं वाटलेली होती. खार बिलंदर असते, माणूस दिसला की खोडाच्या पलीकडे सरकते. म्हणून एकाने रायफल रोखून उभं राहायचं आणि दुसऱ्याने झाडामागून फांद्या मोडत फिरायचं, म्हणजे ती घाबरून अलीकडे येते. वर्लिन रोखायचा, अल्मेडा फिरायची. ती कुठे आहे हे त्याला दिसत राहावं म्हणून नारिंगी टोपी तिच्या डोक्यावर.

“आणि झाडामागनं फिरणार कोण? हा कॉडिल?”

“तू.”

“मी? जावयाने भरवलं ना हे तुझ्या डोक्यात?”

“जावयाला रायफल कुठल्या टोकाने धरायची तेही ठाऊक नाही.”

“मग काय? गेल्या हंगामात दोन-चार हुकल्या म्हणून? सांगितलं ना, गोळ्या खराब होत्या. ह्याच्याच दुकानातल्या!”

कॉडिलने मान वर केली नाही. अल्मेडा वर्लिनच्या हातांकडे बघत होती. त्याने रायफल खाली टेकवली होती, पण सोडली नव्हती, आणि नळीचं टोक काउंटरच्या काचेवर बारीक टकटकत होतं. ते लक्षात येताच त्याने हात काढून खिशात घातले.

“माझी जुनी टोपी ओढ्यात वाहून गेली असं मी तुला सांगितलं होतं,” ती हळूच म्हणाली.

“मग? इथे टोपीचा काय संबंध?”

“गेल्या साली पाऊस नव्हता, वर्लिन. ओढा कोरडा होता.”

वर्लिनला गेल्या हंगामातलं ते हिकरीचं झाड आठवलं. खार पार खाली, खोडाच्या कडेला आली होती. त्याने चाप ओढला, खार निसटली. तो गोळ्यांना शिव्या घालत असताना अल्मेडा झाडामागून आली होती, बोडक्या डोक्याने, केसांत सालीचा भुगा घेऊन. घरी पोचेपर्यंत तिने चकार शब्द काढला नव्हता. टोपीचं त्याने विचारलं तेही दुसऱ्या दिवशी. गोळी गेली कुठे, हे मात्र कधीच विचारलं नव्हतं.

त्याने काउंटर धरला.

“बोलली का नाहीस?”

“तू ऐकलं असतंस?”

त्याने रायफल कॉडिलकडे सरकवली. तो म्हणाला, “बांध ही. गोळ्या पण दे.” मग बायकोकडे वळून, “जुनी घरातच राहील. जावयाला द्यायची नाही.”

“नाही द्यायची.”

वर्लिनने तिच्या डोक्यावरची नारिंगी टोपी उचलली आणि दोन्ही हातांनी आपल्या डोक्यावर ओढून बसवली.

“घट्ट होतेय,” तो म्हणाला.

“होऊ दे,” अल्मेडा म्हणाली. “मला नीट दिसली म्हणजे झालं.”