निळ्या घरची मुलगी

शाखेच्या बाकावर नोएलियाने तिसऱ्यांदा जागा बदलली. शेजारणीकडून मागून आणलेला लाल रुमाल मुठीत ओला झाला होता. तो गळ्यात बांधायला हात धजत नव्हता.

वैद्यकीय शिष्यवृत्तीचा तिचा अर्ज शाळेतून केव्हाच गेला होता. ती जिल्ह्यात दुसरी आली होती. पण लाल पक्षाच्या शाखेचं पत्र जोडलेलं नसलं की अर्ज गठ्ठ्याच्या तळाशीच राहतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पत्र जोडायची आज शेवटची तारीख होती आणि ते पोचवायला राजधानी असुन्सियोनची बस साडेदहाला.

तिचं घर पिढीजात निळं, लालांच्या विरोधी पक्षाचं. आजोबांनी, डॉन एपिफानिओंनी, दारं-खिडक्याच काय, कोंबड्यांची खुराडीसुद्धा निळी रंगवली होती. काल जेवताना तिने पत्राचा विषय काढला, तर त्यांनी ताट सरकवलं.

"या घरात लालांचं पत्र आलं तर मी घर सोडीन. तुझी आई शिक्षिका झाली ती काय कुणाच्या पाया पडून? स्वतःच्या गुणांवर झाली."

आईने मान ताठ केली. गेली बावीस वर्षं प्रत्येक वर्गाला ती हेच सांगत आली होती. नोएलियाला दोघांचाही राग आला, आणि रागावल्याची लाजही वाटली.

"निळ्यांची पोर आमच्या दारात? वाट चुकलीस की काय?" शाखाप्रमुख डॉन तेओफिलो तेरेरेच्या थंड काढ्याची नळी तोंडातून काढत म्हणाले.

"सभासद व्हायचंय. आणि पत्र हवंय."

"आजोबांना सांगितलंस?"

"नाही. कळलं तर हाय खातील."

"सभांना येशील?"

"येईन."

"आमच्या घोषणा देशील? मोठ्याने?"

"देईन. तुम्ही म्हणाल ते करीन, पण मला डॉक्टर व्हायचंय."

"मग तो रुमाल काय नाक पुसायला आणलायस?"

तिने रुमाल बांधला. आजोबांच्या थोबाडीत मारल्यासारखं तिला झालं. डोळ्यांत आलेलं पाणी तिने परतवलं आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

"नाव लिहून घ्या. माझी बस आहे."

डॉन तेओफिलोंचं हसू ओसरलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग तिच्या गळ्याकडे. "लिहायचं राहू दे, बाळ."

"का? निळ्यांना घेत नाही?"

"एकदा असलेलं नाव पुन्हा लिहिता येत नाही." त्यांनी कपाटातून सभासदांची वही काढली आणि उघडून तिच्यासमोर सरकवली. "मी दाखवलं म्हणून सांगू नकोस. म्हातारा माझा जीव घेईल."

तिचं नाव तिथे होतं. तारीख तिच्या अठराव्या वाढदिवसाची. नाव सुचवणाऱ्याच्या रकान्यात आजोबांची तिरपी सही.

"पत्र त्यांनी मंगळवारीच नेलं," डॉन तेओफिलो म्हणाले. "राजधानीला जाऊन स्वतःच्या हाताने देऊन आले."

"पण ते तर निळ्यांच्या बैठकीला गेले होते."

"तिथेही गेले असतील. माणूस बोलल्याप्रमाणे वागतो."

नोएलिया मटकन बाकावर बसली. म्हणजे आपला अर्ज तळाशी नाही. तिला हसू आलं आणि त्यातच रडूही. आपल्यासाठी म्हाताऱ्याने आयुष्यभराचा मान गिळला. संध्याकाळी त्यांचे पाय दाबू, मग ते काहीही बोलोत.

"माझ्यासाठी पहिल्यांदाच आले ना ते इथे?" तिने विचारलं. "म्हणजे, या वयात."

डॉन तेओफिलोंनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक जुनी वही उपसली, बोट ओलं करून पानं उलटली आणि एका ओळीवर नख टेकवलं.

तीच तिरपी सही. सभासदाच्या रकान्यात तिच्या आईचं नाव, आणि पुढे शेरा: 'अध्यापक विद्यालय. प्रवेश परीक्षेत नापास. पत्र दिले.'